चुली तीन, घर एक : कुटुंब कसे बदलते?



गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही कसारा घाट उतरून पडघ्याला गेलो होतो. सोबत आपल्या कारखान्याचे एक जुने सभासद होते. त्यांची सख्खी आत्या पडघ्याच्या अंगाला दिलेली आहे आणि लग्न तिच्या नातवाचे. त्या एका दिवसात जे पाहिले आणि ऐकले, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. उसाचे, खताचे, पाण्याचे आपण नेहमीच बोलतो. ज्या घरासाठी हे सगळे करायचे, त्या घराचे काय चालले आहे, याचाही विचार कधीतरी व्हायला हवा.

पडघा म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातले, मुंबई-नाशिक महामार्गावरचे गाव. भाताचा मुलूख. आम्ही गेलो तेव्हा काही शेतांत राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते. पण त्या शेतांच्या मागे नजर टाकावी तिकडे निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची मोठमोठी गोदामे. अर्धा मुलूख पावसाची वाट पाहणारा, अर्धा ट्रकची.

आत्याबाईंना तीन मुलगे. थोरला भात आणि भाजीपाला करतो. मधला एका गोदामात सुपरवायझर आहे. धाकटा कल्याणला ब्लॉक घेऊन राहतो. जुन्या कौलारू घरात थोरला आणि मधला राहतात, पण मधे भिंत घातली आहे आणि सिलिंडर दोन आहेत. म्हणजे गावात दोन चुली आणि तिसरी कल्याणला. आत्याबाई जेवतात थोरल्याकडे, चार वाजताचा चहा घेतात मधल्याकडे आणि दवाखान्याचे काम निघाले की जातात धाकट्याकडे. लग्नपत्रिकेवर मात्र तिन्ही भावांची नावे एका ओळीत होती आणि हळदीला तिन्ही सुना एकाच कढईशी बसल्या होत्या.

आता आमचा प्रश्न असा की हे कुटुंब एक म्हणायचे की तीन?

शिरगणतीवाला येईल तो तीन लिहील. रेशनकार्डे तीनच आहेत. तलाठ्याच्या दप्तरात जाल तर सातबारा अजून सामाईक, म्हणजे एक. कुलदैवत एक. आत्याबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "चुली तीन झाल्या, पन देव एकच हाय. मंग घर बी एकच की!"

यातले कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतो आहे. कुटुंबाविषयी बोलताना जो गोंधळ होतो तो बहुतेक इथेच होतो.

चूल वेगळी, कुटुंब वेगळे

आपल्या जनगणनेत घर मोजण्याची रीत अशी आहे की जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले अन्न खातात, ते एक घर. म्हणजे मोजली जाते ती चूल. विदुषी इरावतीबाई कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवीत. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना त्यांनी एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म आणि रक्ताचे नाते या सर्व गोष्टी धरल्या आहेत. या पाचही गोष्टी एका वेळी एकाच घरात असतील तर प्रश्नच नाही. पण त्या एकदम सुटत नाहीत, एकेक करून सुटतात. आधी चूल सुटते, मग छप्पर, मग जमीन. देव आणि सुतक-सोयर सर्वांत शेवटी.

गुजरातेत महुवा नावाचे गाव आहे. तेथील कुटुंबांचा अभ्यास आय. पी. देसाई यांनी केला आणि तो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यांचे म्हणणे असे की कोण कोणाबरोबर जेवतो एवढ्यावरून कुटुंब एकत्र की विभक्त हे ठरवू नये. वेगळे राहणारे भाऊही पैसा, मालमत्ता आणि अडीअडचण यांनी एकमेकांशी बांधलेले असतात. आपल्याकडे कोणाला हे शिकवायला नको. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा भाऊ वेगळा राहतो, पण लागणीच्या वेळी बेण्याला पैसे पाठवतो आणि वर्षाचे धान्य गावाहून नेतो. त्याला विभक्त म्हणायचे कसे?

तेव्हा "चूल वेगळी झाली, घर मोडले" असे म्हणण्याची घाई करू नये.

पूर्वी सगळे एकत्रच होते काय?

आपल्या मनात एक चित्र असते. मोठा वाडा, पंचवीस माणसांची पंगत, माडीवर आजोबा-आजी, अंगणात नातवंडे. असे वाडे होते यात शंका नाही. पण ते घरोघर नव्हते. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला माणसे लागत आणि त्याला ती पोसता येत. भूमिहीन मजुराला काय वाटायचे होते आणि काय राखायचे होते? त्याचा मुलगा लग्न झाले की शेजारी झोपडी टाकी.

दुसरी गोष्ट आयुष्याची. १९४१ ते १९५० च्या दशकात आपल्या देशात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षांचे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. ३२ म्हणजे सगळे बत्तिशीतच जात असे नव्हे. लहानपणी दगावणारी मुले फार असल्याने सरासरी खाली येई. पण १८९६ ची प्लेगाची साथ, १९१८ चा मानमोडी ताप, पटकी, देवी यांतून वाचून नातवाचे लग्न पाहणारे आजे-आज्या आजच्या मानाने थोडेच. तीन पिढ्या एका घरात नांदायच्या तर आधी तिन्ही पिढ्या जिवंत पाहिजेत. त्या दृष्टीने आज तीन पिढ्यांची भेट होण्याचा योग पूर्वीपेक्षा जास्त आहे. म्हातारपण लांबले, हीच कुटुंबाच्या इतिहासातली एक मोठी घडामोड. तिची तयारी मात्र आपण केलेली नाही.

वाटण्या का होतात?

"सुना आल्या आणि घर फुटले" हे गावातले नेहमीचे उत्तर. आमच्या मते तो बिचाऱ्या सुनांवर अन्याय आहे. वाटणी ही घराच्या वाढीतलीच एक पायरी असते. बाप कर्ता असतो तोवर सगळे एक. बाप गेला, भावांची मुले मोठी झाली, की ज्याची मुले जास्त त्याचा खर्च जास्त आणि ज्याची कमाई जास्त त्याची कुरकुर जास्त. मग चार पंच बसतात आणि वाटणी होते. पुढे त्याच भावांची घरे पुन्हा वाढतात, एकत्र होतात आणि एका पिढीनंतर पुन्हा वाटतात. उसाचा खोडवा जसा, तसेच हे.

फरक एवढाच की दर वाटणीला जमीन घटते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. ती १९१७ मध्ये छापली गेली. १७७१ साली त्या गावात सरासरी खाते ४० एकरांचे होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. साऱ्या महाराष्ट्राचे पाहायचे तर कृषिगणनेप्रमाणे सरासरी खाते १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. सव्वातीन एकरांत तीन भाऊ राबू म्हणाले तरी काम कुठून आणायचे? चूल वेगळी होण्यामागे भांडणापेक्षा हे गणित जास्त आहे.

पडघ्याकडे काय घडले?

भाताच्या शेतीला आवणीच्या दिवसांत एकदम हात लागतात. पाऊस लागला, रोप तयार झाले, की आठ-पंधरा दिवसांत सगळे उरकायचे. घरात माणसे असतील तर निभावते, नसतील तर इरजिकीसारखी एकमेकांची मदत घ्यायची. अशा शेतीत एकत्र घर म्हणजे मजुरांची हक्काची टोळी आणि तिचा मुकादम म्हणजे घरातला थोरला. सगळ्यांच्या कष्टाचे भात एका कणगीत पडे. कोणी किती कमावले हे मोजण्याची सोयच नव्हती.

१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. मालकी आली तशी वाटणीही आली. मग भिवंडीचे यंत्रमाग, कल्याण-ठाण्याचे कारखाने आणि अलीकडे ही गोदामे. यांनी एक नवी गोष्ट घरात आणली, ती म्हणजे प्रत्येकाच्या नावावरचा पगार. कणगी एक होती तोवर कर्ता एक होता. खाती तीन झाली, तेव्हा कर्तेही तीन झाले. पुढे सुना आणि मुलीही कामावर जाऊ लागल्या. आत्याबाईंची एक नात गोदामात पॅकिंगला जाते. घरात तिचा शब्द ऐकला जातो तो ती लाडकी म्हणून नव्हे, तर महिन्याच्या सात तारखेला ती पैसे देते म्हणून. हे आम्हाला तिच्या आईनेच हसत सांगितले.

त्यानंतर जमिनीला भाव आला. गोदामांसाठी विक्री झाली, रस्त्यांसाठी भूसंपादन झाले. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच भिवंडी तालुक्यात आमणे येथे येऊन संपतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमीन पिकत होती तोवर सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत हे वर्षानुवर्षे कोणी पाहत नसे. मोबदल्याचा चेक निघायची वेळ आली आणि घरोघर सातबारा उलगडला. त्यात पुष्कळ ठिकाणी एक नाव निघाले, ज्याचा घरातल्यांना विसर पडला होता. बहिणीचे नाव.

बहिणीची सही

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्यासोबतच्या सभासदांच्या पिशवीत एक कागद होता. वडिलांच्या मागे जमिनीची नोंद व्हायची होती. आत्या आल्या होत्या वारसात. तेव्हा लग्नही होईल आणि हक्कसोडपत्राचे बोलणेही होईल, असा त्यांचा विचार. वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे असेच चालते. बहिणीला साडी-चोळी करायची, दिवाळीला आणायची आणि तिने तलाठ्याकडे, रजिस्ट्रारकडे अंगठा किंवा सही द्यायची.

मांडव सुटल्यावर ओट्यावर हा विषय निघाला. आत्याबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीची सई घेतली व्हती आमी, रस्त्याच्या पैशाच्या टायमाला. मीच बोलावून घेतली तिला. तिनं केली. तवापासून येती, भाऊबीज करती, समदं करती. पन आता घरात आली की फडताळाला हात लावीत न्हाई. पानी बी मागून घेती."

भाच्याने पिशवी उघडली नाही. आम्हीही काही बोललो नाही.

त्या एका वाक्यात आम्हाला साऱ्या विषयाचे सार दिसले. बहीण सही का करते? तिला जमीन नको असते म्हणून नव्हे. हिस्सा मागितला तर माहेरचा रस्ता बंद होईल, या भीतीने करते. माहेर हाच तिचा अडीअडचणीचा विमा. तो राखण्यासाठी ती हिस्सा देते. आणि आत्याबाईंना उशिरा कळले ते हे, की सही घेतल्यानेही माहेर पूर्वीसारखे राहत नाही. ते माहेर असते, पण पाहुणीचे.

कायदा याबाबत कुठवर आला आहे ते थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलगी वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा मात्र तिला नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्या दिवशी बाप जिवंत असलाच पाहिजे असे नाही, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र यामुळे मोडत नाहीत. स्वतः कमावलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र करण्याचा बापाचा अधिकारही शाबूत आहे. हा कायदा आदिवासी जमातींना सरसकट लागू नाही, आणि मुस्लिम कुटुंबांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने चालतो. त्यात मुलीचा वाटा मुळातच ठरलेला आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले होते. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने "लक्ष्मीमुक्ती"ची हाक दिली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. म्हणजे ही गोष्ट कायद्याने बाहेरून लादलेली आणि आपल्या मातीला परकी, असे म्हणता येत नाही.

पुढचे घर कसे असेल?

एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका बाईमागे होणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ झाले. घरात एक मुलगा, एक मुलगी, हीच आता रीत. याचा अर्थ पुढच्या पिढीला चुलते, आत्या, मावश्या मोजक्याच. चुलतभाऊ हे नातेच विरळ होणार. भावाभावांच्या वाटणीचे तंटे, ज्यांनी आपली तालुक्याची कोर्टे भरली, ते ओसरतील, कारण भाऊच नसेल. राहील ती बहीण. आजवर कुटुंबाचा हिशेब भावाभावांत होत असे. यापुढे तो भाऊ-बहिणीत होणार. आणि म्हातारपणी आईबापाला दवाखान्यात नेणारी बहुधा तीच असणार. जिचे नाव कागदावरून काढले, तिच्याकडून औषधपाण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून आम्हाला असे वाटते की कुटुंब मोडत चालले आहे, ही ओरड अर्धीच खरी. चुली सुटतात, छपरे बदलतात. कुटुंब मोडते ते हिशेबात कोणाला तरी धरले नाही म्हणजे.

आपल्यापुरते काय करता येईल?

आपल्या कारखान्याच्या कामाशी या गोष्टीचा संबंध आहे. घर वाटलेले, पण शेअर थोरल्याच्या नावावर, उसाची नोंद थोरल्याच्या नावावर आणि ऊसबिलही त्याच्याच खात्यात, असे पुष्कळ ठिकाणी असते. पहिली उचल जमा झाली की धाकट्याने दाराशी उभे राहायचे. यातून होणारी कटुता टाळण्यासारखी आहे.

पहिले, ज्याचा ऊस त्याची नोंद ज्याच्या त्याच्या नावावर करून घ्यावी. दुसरे, शेअरवर नामनिर्देशन केलेले आहे की नाही ते पाहावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या मृत्यूनंतर शेअर नामनिर्देशित व्यक्तीकडे वर्ग होतो. परंतु तेवढ्याने ती व्यक्ती एकटी मालक होत नाही, इतर वारसांचा हक्क राहतो. तिसरे, हक्कसोडपत्र म्हणजे नुसता कागद नव्हे. नोंदले की ते सहजासहजी फिरत नाही. बहिणीला तो आधी वाचून दाखवावा, चार दिवस विचाराला द्यावेत. देणे-घेणे ठरत असेल तर कागदावर ठरावे. चौथे, वडीलधाऱ्यांनी हयातीतच वाटणीचे बोलणे मुलामुलींना एकत्र बसवून करावे. पाचवे, सगळे मुलांच्या नावे करून हात रिकामे करू नयेत. बक्षीसपत्र करायचेच तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार अशी अट असेल तेव्हा मिळतो. प्रत्यक्ष कागद करताना वकिलाचा सल्ला घ्यावाच.

राहता राहिली आत्याबाईंची गोष्ट. निघताना त्यांनी भाच्याच्या हातावर साखर ठेवली आणि एवढेच म्हणाल्या, "कागद आन, वाचून दाखव. मी न्हाई म्हनत न्हाई. पन वाचून दाखव." परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत आमचे सोबती गप्प होते. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "माझ्या बी दोन मुलीच हाईत की." पुढे त्यांच्या घरी काय ठरले, तो त्यांचा प्रश्न. आमच्या वाचकांनी आपापल्या घरची पिशवी एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.